आधी पाणी, मग शेवाळ

बडोद्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी १९८३पासून एका लांब कालव्यातून समुद्राकडे जाते. धनोऱ्याजवळ सुरू होणारा हा कालवा पादरा तालुक्यातून सुमारे ५५ किलोमीटर धावतो आणि जंबुसर तालुक्यातल्या सारोदपाशी खंबातच्या आखाताला मिळतो. आखातातली भरती देशातल्या सर्वांत उंच भरत्यांपैकी आहे. ती हे पाणी घुसळून पातळ करील, असा कालवा आखणाऱ्यांचा हिशेब होता, आणि त्या काळाच्या मानाने तो अगदीच वाईट नव्हता. नदीत सोडण्यापेक्षा समुद्रात सोडणे बरे, एवढाच विचार तेव्हा अनेक ठिकाणी होत असे.

सूक्ष्मशैवालाकडे वळलेल्या विद्यार्थ्याला या कालव्याची गोष्ट सांगितली की तो हमखास विचारतो: याच पाण्यावर शेवाळ का वाढवू नये? शेवाळाला नत्र हवे, स्फुरद हवे, कर्बवायू हवा. सांडपाण्यात ते आहे. ऊन फुकट आहे. आणि शेवाळातून रंग, तेल, प्रथिने, औषधी द्रव्ये निघतात. प्रश्न चांगला आहे. या पुस्तकातली पाने त्याच प्रश्नाभोवती फिरतात. फक्त त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण ‘सांडपाणी’ नावाचा एकच पदार्थ अस्तित्वात नाही. दूधसंघाच्या टाक्या धुतलेले पाणी, अटलादरा किंवा तरसालीच्या मैलापाणी केंद्रात येणारे पाणी, खतकारखान्याचे, रंगकारखान्याचे आणि औषधकारखान्याचे पाणी ही पाच वेगळी पाणी आहेत. त्यांत वाढणारे शेवाळ वेगळे, आणि त्या शेवाळाला मिळणारे गिऱ्हाईकही वेगळे.

या विषयात येणारे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी पदार्थ ठरतो, बहुधा त्याचा भाव कुठेतरी ऐकलेला असतो म्हणून. मग तो पदार्थ बनवणारी जात शोधली जाते. शेवटी तिला खाऊ घालायला एखादे फुकटचे पाणी मिळते का, ते पाहिले जाते. माझा आग्रह आहे की क्रम उलटा करावा. पाणी कोणते आहे, ते वर्षभर कसे बदलते, त्यात काय नको आहे, हे आधी ठरले की जात आणि पदार्थ यांची निवड आपोआप खूप आखडते. आखडलेल्या निवडीतच काम करण्याजोगे काही सापडते.

आता थोडी ओळख. सूक्ष्मशैवाल म्हणजे सूर्यप्रकाशावर जगणारे, बहुधा एकपेशीय आणि सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसणारे जीव. क्लोरेलाची पेशी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी असते. स्पिरुलिना या नावाने विकली जाणारी आर्थ्रोस्पायरा शास्त्रदृष्ट्या शैवाल नव्हे, तर निळाहिरवा जिवाणू आहे; पण व्यवहारात तिला याच पंगतीत बसवतात आणि या पुस्तकातही तसेच केले आहे. या सर्वांना मूळ, खोड, फूल असा संसार नसल्याने ते पटापट वाढतात, आणि लागवडीसाठी कसदार जमीन लागत नाही. खारट, आम्ल, अल्कधर्मी, गोड अशा कोणत्याही पाण्यात त्यांच्यापैकी कोणी ना कोणी असतेच.

पाणीच शेवाळ निवडते, हे पाहायचे असेल तर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जावे. तिथल्या विवरातले पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १०च्या आसपास असतो. असे पाणी बहुतेक जीवांना सोसत नाही, आर्थ्रोस्पायराला मात्र मानवते, आणि ती तिथे कोणी न लावता वाढते. २०२०च्या जूनमध्ये हेच तळे गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी त्याचे कारण मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यात शोधले: पाणी आटले, क्षार वाढले, आणि तळ्याचा मालक बदलला. आफ्रिकेतल्या चाड सरोवराच्या परिसरातही अशीच सोड्याची तळी आहेत. तिथल्या कानेंबू स्त्रिया आर्थ्रोस्पायराचा थर गोळा करून वाळूवर वाळवतात. त्या वड्यांना दिहे म्हणतात आणि त्या कालवणात पडतात. १९६६मध्ये झारूक या संशोधकाने स्पिरुलिनासाठी जे पोषक द्रावण ठरवले आणि जे आजही प्रयोगशाळांत वापरले जाते, त्यात लिटरला १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि अडीच ग्रॅम सोडियम नायट्रेट असते. म्हणजे तळ्याचे पाणी मापाने बनवले, इतकेच. सांडपाण्यावर स्पिरुलिना वाढवणे म्हणजे या दोन महाग घटकांपैकी काही भाग दुसरीकडून मिळवणे.

सांडपाण्याशी शेवाळाची गाठ घालून देण्याचे मोठे श्रेय विल्यम ऑस्वाल्ड यांना जाते. कॅलिफोर्नियात बर्कली येथे त्यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले की उथळ तलावात जिवाणू आणि शेवाळ एकमेकांची गरज भागवतात. जिवाणू मैला कुजवतात आणि कर्बवायू सोडतात. शेवाळ तो घेते आणि जिवाणूंना प्राणवायू देते. हवा फुंकणारी यंत्रे लागत नाहीत, वीज वाचते. सहा इंच ते फूटभर खोलीचा, शर्यतीच्या मैदानासारखा लांबट गोल तलाव आणि पाणी हलते ठेवणारे पॅडलव्हील ही त्यांचीच रचना, आणि रेसवे या नावाने ती आज जगभर आहे. आपल्याकडे नागपूरला १९५८मध्ये जी संस्था निघाली आणि पुढे नीरी म्हणून ओळखली गेली, तिच्या सोली आर्सीवाला आणि सहकाऱ्यांनी भारतीय हवामानासाठी मैलापाण्याच्या स्थिरीकरण तलावांचे गणित बसवले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९७०मध्ये आले. या तलावांत हिरवे पाणी व्हायचेच. त्या काळच्या अभियंत्याला त्या हिरव्या रंगाचा उपद्रव वाटे, कारण बाहेर पडणाऱ्या पाण्यात शेवाळ दिसले की चाचणीत आकडे बिघडत. आज आपण त्याच उपद्रवाला उत्पन्न म्हणू पाहतो आहोत. दोघांच्याही बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

उत्पन्न म्हणायचे तर हिशेब मांडावा लागेल, आणि तो मांडायला मोठे गणित लागत नाही. शहरी मैलापाण्यात लिटरला साधारण ४० मिलिग्रॅम नत्र असते असे धरू. दिवसाला दहा लाख लिटर पाणी, म्हणजे ४० किलो नत्र. कोरड्या शेवाळात सुमारे ८ टक्के नत्र असते, तेव्हा सगळे नत्र शेवाळाने घेतले तर दिवसाला ५०० किलो शेवाळ व्हायला हवे. त्याला स्फुरद लागेल ५ किलोच्या आसपास, तेही मैलापाण्यात असते. कर्बवायू लागेल ९०० किलो, कारण एक किलो शेवाळामागे जवळपास १.८ किलो कर्बवायू खर्ची पडतो. मैलापाणी कुजताना निघणारा कर्बवायू एवढा नसतो, म्हणून तो बाहेरून आणावा लागतो. बडोद्यात तो आणण्याची सोय इतर शहरांपेक्षा बरी आहे: १९६५पासून कोयलीची रिफायनरी आहे, आणि खतकारखान्यात अमोनिया बनवताना शुद्ध कर्बवायू मोकळा होतोच.

जमीन मात्र बाहेरून आणता येत नाही. उघड्या तलावात एका चौरस मीटरला दिवसाकाठी १५ ग्रॅम कोरडे शेवाळ निघाले तर चांगले पीक म्हणायचे. ५०० किलोसाठी ३३ हजार चौरस मीटर, म्हणजे आठ एकरांहून अधिक तलाव लागतो. हे झाले दिवसाच्या दहा लाख लिटरसाठी. दहा कोटी लिटर मैलापाण्याला आठशे एकर. बडोद्याच्या कोणत्या बाजूला आठशे एकर सपाट, पुराच्या पातळीच्या वर असलेली आणि परवडणारी जमीन उरली आहे, हे जमिनीचे भाव माहीत असलेल्या कोणालाही विचारावे. स्पेनमधल्या चिक्लाना येथे युरोपीय संघाच्या मदतीने मैलापाण्यावर शेवाळ वाढवून त्याचा बायोगॅस करण्याचा आणि त्यावर मोटारी चालवण्याचा मोठा प्रकल्प २०११मध्ये सुरू झाला. तिथेही जागा हाच पहिला प्रश्न होता. मोठ्या शहराचे सगळे मैलापाणी शेवाळाच्या हवाली करणे मला शक्य वाटत नाही. गावे, वसतिगृहे, शहराच्या कडेच्या वसाहती यांच्या बाबतीत मात्र हेच गणित बरेच सुसह्य होते, आणि तिथे निघालेले शेवाळ शेतात खत म्हणून घालणे सगळ्यांत सरळ.

आता या विषयाच्या गाभ्यात असलेली अडचण. तिच्याकडे पुरेसे लक्ष न दिल्याने किती तरी प्रकल्पांची कागदावरची गणिते जमिनीवर उतरली नाहीत. बाजारात ज्यांना मोठा भाव आहे अशी अनेक द्रव्ये शेवाळ आनंदात असताना बनवत नाही. हीमॅटोकॉकस ही हिरवी पेशी उपाशी पडली, उन्हाने भाजली, की लाल होते आणि स्वतःच्या कोरड्या वजनाच्या चार टक्क्यांपर्यंत ॲस्टाझँथिन साठवते. मिठागरातली ड्युनालिएला क्षार आणि ऊन वाढले की केशरी होते. तिच्यात बीटा-कॅरोटिन वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकते. तेलाचेही तसेच: नत्र तोडले की पेशी वाढायची थांबते आणि चरबी साठवू लागते. म्हणजे ही सगळी संकटकाळची बेगमी आहे. सांडपाणी मात्र नत्राने भरलेले असते. पोट भरलेले शेवाळ भराभर वाढते, दुप्पट होते, आणि आपल्याला हवा तो रंग बनवत नाही. तेव्हा ही द्रव्ये हवी असतील तर काम दोन टप्प्यांत करावे लागते: पहिल्या तलावात सांडपाण्यावर पेशी वाढवायच्या, मग त्या उचलून स्वच्छ, नत्रहीन पाण्यात उपाशी ठेवायच्या. टप्पा वाढला की खर्च वाढतो, आणि ‘फुकटचे पाणी’ हे शब्द हिशेबातून हळूच गळून पडतात.

याच्या उलट स्वभावाचे एक द्रव्य आहे. स्पिरुलिनातला निळा रंग, फायकोसायनिन, हे प्रथिन आहे. प्रथिनाला नत्र हवे, आणि नत्र भरपूर असले की पेशी ते भरभरून बनवते; टंचाई आली की सगळ्यांत आधी तेच मोडून खाते. सांडपाण्याचा स्वभाव आणि फायकोसायनिनचा स्वभाव जुळतात. अन्नपदार्थांत घालण्याजोगा नैसर्गिक निळा रंग दुर्मीळ आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३मध्ये स्पिरुलिनाच्या अर्काला गोळ्या आणि च्युइंगगमसाठी परवानगी दिल्यापासून त्याची मागणी वाढली. बडोद्याच्या वाचकाला या रंगासाठी अमेरिकेकडे पाहायची गरज नाही. मही नदीपलीकडे वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात दत्ता मडमवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोड्या आणि समुद्राच्या पाण्यातल्या निळ्याहिरव्या जिवाणूंतून फायकोसायनिन वेगळे करून शुद्ध करण्यावर पुष्कळ काम केले.  त्याच प्रयोगशाळेत कापडाच्या रंगांनी दूषित झालेल्या पाण्यावरही संशोधन होत असे. रंग काढून टाकणे आणि रंग काढून घेणे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली चालावीत, यात या भागाची सगळी कहाणी येते.

फायकोसायनिनची शुद्धता मोजायची रीत सोपी आहे. ६२० नॅनोमीटरवर रंगाचे शोषण आणि २८० नॅनोमीटरवर सगळ्या प्रथिनांचे शोषण यांचा भागाकार करायचा. ०.७च्या वर आला तर खाद्यपदार्थांत चालेल, चारच्या पुढे गेला तर प्रयोगशाळेच्या उपयोगाचा, आणि या दोन टोकांत किमतीचा जमीन-अस्मानाचा फरक. पण हा रंग नाजूक आहे. ४५ अंशांच्या पुढे तो खराब होऊ लागतो, उन्हात फिका पडतो. बडोद्यात मे महिन्यात गच्चीवर शेवाळ वाळत घातले तर निळ्याऐवजी राखाडी भुकटी हाती येते. वाळवण्याची पद्धत हा इथे तांत्रिक तपशील नसून नफा-तोट्याचा मुख्य आकडा आहे.

मग कोणते पाणी? माझे मत दूधधंद्याच्या बाजूने आहे. आणंदचा अमूल १९४६चा. बडोद्याचा स्वतःचा दूधसंघ पुढच्या दशकातला. दूध हाताळणाऱ्या प्रत्येक कारखान्यात नळ्या आणि टाक्या जागच्या जागी धुतल्या जातात, आधी कॉस्टिक सोड्याने, मग बहुधा नायट्रिक आम्लाने. या धुण्यातून सोडियम येते, नायट्रेट येते, दुधातून थोडे स्फुरद येते. झारूकच्या द्रावणाशी त्याचे नाते लगेच ध्यानात येईल. शिवाय त्यात शिसे, क्रोमियम, पारा असण्याचे कारण नाही, म्हणजे निघालेले शेवाळ माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात जाण्याची शक्यता तरी शिल्लक राहते. निर्जंतुकीकरणासाठी वापरलेली क्लोरीनयुक्त द्रव्ये मात्र वेगळी वळवावी लागतात. ती एकदा तलावात शिरली की आठवड्याचे पीक एका रात्रीत पिवळे पडते.

पनीर आणि चीज यांची निवळी हा अधिक अवघड मामला. दुधाचा मोठा भाग निवळीतच जातो, आणि तिच्यात साडेचार-पाच टक्के दुग्धशर्करा असते. ती स्पिरुलिनाच्या कामाची नाही. उघड्या तलावात ती घातली तर जिवाणू तुटून पडतात आणि शेवाळाचा श्वास कोंडतो. त्यामुळे निवळी आधी बायोगॅसच्या टाकीत घालावी लागते: साखरेचा मिथेन होतो, नत्र अमोनियाच्या रूपात मागे राहते. इथे दुसरा सापळा आहे. स्पिरुलिनाला सामू १०च्या जवळ हवा, आणि त्या सामूला पाण्यातला ८५ टक्के अमोनिया वायुरूप, विषारी अवस्थेत असतो. तेच नत्र जे अन्न आहे, ते एकदम दिले तर विष होते. म्हणून टाकीतून निघालेले पाणी दिवसभर थोडे थोडे सोडायचे, आणि सामू मोजत राहायचे. हे काम जाणकार कामगाराचे आहे. ते पंपावर सोपवून घरी जाता येत नाही.

मराठी वाचकाला बडोदे म्हटले की सयाजीराव महाराज आठवतात, गायनशाळा आठवते, चिवडा आठवतो. रसायने आठवत नाहीत. पण १८९०मध्ये महाराजांच्या आश्रयाने निघालेल्या कलाभवनात पहिल्यापासून रंगकाम आणि रसायनशास्त्र यांना मोठे स्थान होते. त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांना शास्त्र देशी भाषांत शिकवले जावे याची तळमळ होती, आणि जर्मनीत तयार होणारे कृत्रिम रंग इथल्या रंगाऱ्यांपर्यंत पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचेच विद्यार्थी कोटीभास्कर आणि अमीन यांच्याशी १९०७च्या अलेंबिकची स्थापना जोडलेली आहे. तिची सुरुवात मद्यार्क आणि अर्क यांपासून झाली. पुढे याच शहराने पेनिसिलीनचे मोठाले फर्मेंटर पाहिले. स्वातंत्र्यानंतर गुजरात स्टेट फर्टिलायझर्स आले, १९६९मध्ये आयपीसीएल ही पेट्रोरसायनांची कंपनी आली, नंदेसरीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९४९मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने या कारखान्यांना माणसे पुरवली. शेवाळाच्या कामाला जे हवे ते सगळे इथे हाताशी आहे: सूक्ष्मजीव वाढवण्याचा अनुभव, रासायनिक अभियंते, दूधधंदा, कर्बवायू, ऊन. फर्मेंटर चालवणारा माणूस शेवाळाच्या तलावाला आधी हसतो, कारण त्याला निर्जंतुक पोलादी टाकीची सवय असते. नंतर तोच सर्वांत उपयोगी सहकारी ठरतो, कारण आकडे रोज लिहायची सवय त्याला आधीपासून असते.

मद्यार्काचा विषय निघालाच आहे तर स्पेंटवॉशबद्दल. महाराष्ट्रातल्या साखरपट्ट्यातून येणारे वाचक हाच प्रश्न घेऊन येतात. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढला की आठ ते पंधरा लिटर तपकिरी-काळे पाणी उरते, पालाशाने आणि सेंद्रिय द्रव्याने जड झालेले. शेवाळाला त्यातले बरेच काही चालले असते, पण त्या पाण्यातून ऊन आत जातच नाही. वीसपट पातळ करा, मग चालेल, असे शोधनिबंध सांगतात. वीसपट गोडे पाणी मराठवाड्यात आणायचे कुठून, हे त्यांत नसते.

आता पुन्हा कालव्याकडे. नंदेसरी आणि आसपासच्या कारखान्यांच्या पाण्यात शेवाळ वाढते का? काही जाती वाढतात, धातूही शोषतात. हीच तर गोम आहे. शेवाळाची पेशी धातू आपल्या अंगावर आणि अंगात धरून ठेवते, म्हणून ती पाणी स्वच्छ करते; आणि म्हणूनच तिच्यातून काढलेला रंग कोणाच्या आइस्क्रीममध्ये जाता कामा नये. अशा पाण्यावरच्या शेवाळाचे मोल दुसरीकडे शोधावे लागते. तमिळनाडूत राणीपेट येथे समुद्री शेवाळापासून अल्जिनेट बनवणाऱ्या कारखान्याचे आम्ल पाणी व्ही. शिवसुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मशैवालाच्या साहाय्याने सुधारले. तिथे मिळकत झाली ती रसायने आणि गाळ वाचल्याची. गाळ टाकायला जागा आणि पैसे लागतात, तेव्हा ही मिळकत लहान नाही. पण ती ‘मौल्यवान द्रव्य’ या मथळ्याखाली बसत नाही, म्हणून तिच्यावर लिहिणारे कमी.

आणि इथे कायद्याचीही बाजू आहे. गुजरातमधल्या पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी निकाल दिला की ज्या कारखान्याची स्वतःची प्राथमिक शुद्धीकरण यंत्रणा चालू नाही त्याला चालू राहू देऊ नये. शेवाळ या यंत्रणेची जागा घेऊ शकत नाही. ते तिच्या पुढचे, शेवटच्या टप्प्याचे काम करते: उरलेले नत्र, उरलेले स्फुरद. प्राथमिक शुद्धीकरणाचा खर्च टाळण्यासाठी जो कारखानदार शेवाळाचे नाव काढतो त्याला पहिल्याच बैठकीत नकार द्यावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

हवामानाबद्दल थोडे. जगातले पुष्कळ आकडे कॅलिफोर्निया, इस्रायल, स्पेन इथून येतात, जिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. बडोद्यात मे महिन्यात उघड्या तलावातून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडते; तलाव वीस सेंटिमीटर खोल असेल तर ही घट दिवसाला चार-पाच टक्के झाली, आणि क्षार तितकेच दाट झाले. मग जूनअखेर पाऊस येतो आणि दोन तासांत सगळे पातळ करून टाकतो. ढगांमुळे वाढ मंदावते, सामू उतरतो, आणि ज्यांना आपण बोलावलेले नसते असे जीव तलावात शिरतात. शेवाळ खाणारे रोटिफर तीन-चार दिवसांत हिरवे पाणी पारदर्शक करतात. जानेवारीच्या पहाटे तलाव थंड असतो आणि वर ऊन लख्ख. अशा वेळी पेशीला प्रकाशाचाच त्रास होतो, तेव्हा सकाळी जाळी टाकून सावली करावी लागते. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला आणि मगरी वस्त्यांत शिरल्या, हे सर्वांच्या लक्षात असेल. मैलापाणी केंद्रे बहुधा सखल भागात, नदीच्या अंगाला असतात, कारण पाणी उताराने तिकडे जाते. शेवाळाचे तलावही तिथेच आखायचे असतील तर पुराची पातळी नकाशावर आधी काढा.

पीक काढण्याचा खर्च नवख्यांना सर्वांत चकवतो. चांगल्या तलावात लिटरमागे अर्धा ग्रॅम कोरडे शेवाळ असते. एक किलोसाठी दोन हजार लिटर पाणी उपसून गाळायचे. क्लोरेला इतकी बारीक की कापडातून निसटते. तिला सेंट्रिफ्यूज लागते, आणि वीजबिल येते. स्पिरुलिनाचे लांब, मळसूत्रासारखे धागे बारीक कापडावर अडकतात. चाडच्या काठावर आणि नंतर चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रात सी. व्ही. शेषाद्रींच्या ग्रामीण स्पिरुलिना प्रयोगांत हीच एक गोष्ट कामी आली. खेडेगावातही पेलते असे सूक्ष्मशैवाल आजवर जवळपास एकच आहे, आणि त्याचे कारण त्याच्या पोषणमूल्याइतकेच त्याच्या आकारात आहे.

इंधनाबद्दल न लिहिता ही प्रस्तावना संपवता येणार नाही, कारण या विषयाला पैसा आणि बदनामी दोन्ही तिथूनच मिळाले. अमेरिकी सरकारचा शेवाळतेलाचा कार्यक्रम १९७८ ते १९९६ चालला आणि खर्चाच्या कारणाने बंद झाला. त्यातला एक धडा मला अजून मोलाचा वाटतो: प्रयोगशाळेतून आणलेली उत्तम जात उघड्या तलावात टिकत नाही, जवळपासची रानटी जात येऊन तलाव बळकावते. पुढे तेलाचे भाव चढले तेव्हा नवी लाट आली. सोलाझाइम नावाची गाजलेली कंपनी इंधनाकडून खाद्यतेलाकडे वळली, २०१६मध्ये नाव बदलून टेराव्हिया झाली आणि २०१७मध्ये दिवाळखोरीत गेली. गुजरातमध्येही जामनगरला रिलायन्सने शेवाळाच्या प्रयोगांत पैसे घातले, भावनगरच्या सीएसएमसीआरआय या संशोधन संस्थेने शेवाळाच्या बायोडिझेलवर गाडी चालवून दाखवली. गाडी चालते, याबद्दल कधीच वाद नव्हता. वाद लिटरच्या भावाचा होता आणि आहे. म्हणून आज अभ्यासक किलोला जास्त भाव मिळणाऱ्या द्रव्यांकडे वळले. त्यात शहाणपण आहे, पण मौल्यवान द्रव्यांचे बाजार लहान असतात. दोन मोठे कारखाने आले तरी भाव कोसळू शकतो. एका शहराच्या मैलापाण्यातून निघेल एवढे फायकोसायनिन घ्यायला एवढे निळे आइस्क्रीम कोणी खात नाही.

या पुस्तकाचा वाचक मला कसा दिसतो? वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, जिला जाती ओळखता येतात पण पंपाची अश्वशक्ती काढता येत नाही. दूधसंघातली सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा (ईटीपी) सांभाळणारा, ज्याला आपल्या पाण्याचे नखरे पाठ आहेत पण सूक्ष्मदर्शक हाताळून वर्षे झाली. पादऱ्याचा शेतकरी, ज्याच्या विहिरीच्या पाण्याबद्दल त्याचे स्वतःचे मत आहे आणि ते ऐकले पाहिजे. या तिघांनाही इथे जागा आहे, आणि एकमेकांची प्रकरणे त्यांनी टाळू नयेत. रसायनाची प्रकरणे सूत्रांवाचून शक्य तितकी पुढे नेली आहेत. जिथे सूत्र आलेच तिथे त्याआधी एक उदाहरण आकड्यांनिशी सोडवून दिले आहे.

कामाला लागायचे असेल तर जात मागवू नका. आधी तुमच्या हाताशी असलेल्या एका पाण्याची वही सुरू करा. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी नमुना घ्या: सामू, विद्युतवाहकता, अमोनिया, नायट्रेट, स्फुरद, रासायनिक प्राणवायूची मागणी (सीओडी). काचेच्या नळीत पाणी भरून मागे छापील कागद धरा आणि अक्षरे किती खोलीपर्यंत दिसतात ते लिहा. प्रकाशाचा अंदाज यायला एवढे पुरते. कारखान्यात त्या दिवशी काय बनले, तेही लिहा. वर्षातून एकदा धातूंची तपासणी चांगल्या प्रयोगशाळेतून करून घ्या आणि एकदा पहिल्या पावसानंतर. वही पावसाळ्यातही बंद पडू देऊ नका. दिवाळीच्या सुट्टीत संयंत्र बंद असते तेव्हा पाणी कसे बदलते, हेही तिच्यात यायला हवे. बहुतेक तलाव त्याच आठवड्यात मरतात.